गाय शहरात, घर गावात

…आणि वर मलाच विचारतो, "टॅकेट, शहरात गाय आणली कुणी?" आता याला काय उत्तर द्यायचं तुम्हीच सांगा. आणली कुणी म्हणजे? गाय होतीच शहरात. तुमचं शहर तिच्या पायाखाली चालत आलं, ती आपली उभी होती तिथेच उभी होती, चरत होती, तिला कुणी विचारलं नाही की बाई, आम्ही येऊ का म्हणून. पण हे त्याला कळत नाही, कारण तो आहे महापालिकेचा तपासनीस, त्याच्या शर्टाच्या खिशाला चार पेनं, आणि तो मला, ऑर्विन टॅकेटला, ज्याने या रस्त्यावर उभा जन्म पेंड आणि चारा विकला, त्याला गाय म्हणजे काय ते समजावतोय. बसा हो, उभे का, ते पोतं आहे ना, त्यावर बसा, घोड्याचं खाद्य आहे, मऊ असतं. घोडा कुणाकडे आहे विचारू नका. पोतं मात्र खपतं. एक बाई नेते, खारींना घालते.

तर तुम्हाला सांगतो, हे सगळं सुरू झालं माझ्या मुलीच्या घरापासून. घर म्हणजे तेव्हा नव्हतंच, तेच तर. मार्नी आणि तिचा नवरा गॅरेट राहायचे इथे वर, या दुकानाच्या माथ्यावर, एका खोलीत. गॅरेट त्या मोठ्या गोदामात माल उचलायची गाडी चालवतो, गरीब स्वभावाचा पोरगा, बोलला तर एक शब्द, नाही तर तोही नाही. मार्नी शाळेच्या स्वयंपाकघरात. दोघं कमावतात, खातात, पण घर घ्यायचं म्हटलं की बँकवाले म्हणतात, आधी घसघशीत रक्कम हातात ठेवा, मग बोलू. आणि ती रक्कम साठते ना साठते तोवर घरांच्या किमती पुढे पळालेल्या असतात. आणि त्यात मार्नीला दिवस गेलेले. वरच्या खोलीत पाळणा ठेवायचा तर गॅरेटला जिन्यात झोपावं लागलं असतं. आणि तो झोपलाही असता, म्हणून तर मला वाईट वाटायचं.

आणि रस्त्यापलीकडे, हे बघा, इथून दिसतं, ते पांढरं घर, सफरचंदाच्या झाडामागचं, ते हॅझेलबाई रिंगवॉल्डचं. म्हातारी एकटी. बहीण फ्लोरिडात, तिच्याकडे जायचं ठरलेलं. मला म्हणाली, "ऑर्विन, घर तुझ्या पोरीला द्यायचं माझ्या मनात आहे. गोदामवाले रोज फोन करतात, त्यांना घर नको, जमीन हवी, ते झाडासकट सगळं सपाट करणार. पण मी तरी किती थांबू? बहिणीने माझी खोली रंगवून ठेवली आहे. थँक्सगिव्हिंगची टर्की मी तिच्याकडे खाणार. तोवर काय ते बघ."

आता तोवर म्हणजे नोव्हेंबरअखेर, आणि इथे बघा, ऑक्टोबर लागलेला. मला झोप नाही. इकडून तिकडे येरझारा. लुएला, माझी बायको, म्हणते, "अहो, एका जागी बसा, फरशी झिजली." कसा बसू? नातवंड जन्माला यायचं आणि ते रस्त्यापलीकडे वाढणार की तीन तास लांब कुठेतरी, एवढाच प्रश्न होता. तीन तास लांबचं नातवंड म्हणजे भिंतीवरचा फोटो. बरोबर की नाही?

तर अशात बँकेतल्या रोवीना मॅडम दुकानात आल्या, कुत्र्याची बिस्किटं घ्यायला. कुत्रं एवढंसं, बिस्किटं केवढी. मी आपलं बोलता बोलता रडगाणं गायलो. त्या म्हणाल्या, "काका, मग सरकारी हमीचं कर्ज का नाही घेत? गावाकडच्या घरांसाठी असतं. शेतकी खातं हमी देतं. आधी काही भरावं लागत नाही."

मी म्हटलं, "मॅडम, गावाकडचं? आपल्या जिल्ह्यात? इथे आता गाव उरलंय कुठे? एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गोदामं, मोटारींची दुकानं आणि पॅनकेकची हॉटेलं."

तर त्या म्हणतात, "आहे ना. एक कोपरा आहे." आणि फोनवर नकाशा काढून दाखवला. सगळा जिल्हा रंगवलेला, म्हणजे शहर, आणि या खालच्या अंगाला एक तुकडा कोरा, रुमालाएवढा. तो म्हणजे गाव. आणि त्याची हद्द कुठून जाते? आपल्या क्वॉरी रस्त्याच्या बरोब्बर मधून. त्या पिवळ्या पट्ट्यावरून. म्हणजे पलीकडची बाजू गाव, अलीकडची शहर.

आता पलीकडे काय आहे बघा. कॉफीचं दुकान, तिथे लोक गाडीतून न उतरता कॉफी घेतात. दातांचा दवाखाना. कुत्र्यांना अंघोळ घालून केस कापणारी एक बाई. आणि हॅझेलबाईचं घर. हे गाव. आणि अलीकडे काय? माझं चाऱ्याचं दुकान. त्याला लागून एल्वुड श्रॉकचं रान, कुंपण, कोठार, पाणचक्की मोडलेली. आणि त्या रानात उभी डचेस. अख्ख्या जिल्ह्यात उरलेली एकुलती एक गाय. आणि ती गाय कुठे? गाय शहरात.

मी हसलो तेव्हा. पोट धरून हसलो. काय माहीत होतं?

रोवीना मॅडम मात्र गंभीर. म्हणाल्या, "हसू नका काका, घाई करा. नवा नकाशा यायचाय. तो आला की हा कोपराही गेला समजा. आता अर्ज करा, मग घराची किंमत ठरवणारा माणूस येऊन बघून जाईल, घर राहण्याजोगं आहे, नियमात बसतंय, एवढं त्याने म्हटलं की झालं."

बघून जाईल. हे दोन शब्द माझ्या डोक्यात असे रुतले म्हणता… मार्नीने अर्ज केला, गॅरेटने सही केली, सगळं सुरळीत, आणि माझं मात्र एकच, तो माणूस येणार, बघणार. काय बघणार? गाडी वळवणार क्वॉरी रस्त्याला, आधी सिग्नलला थांबणार, मग कॉफीवाल्याची रांग बघणार, मग ते अंघोळ घातलेलं कुत्रं गळ्यात रिबीन बांधून जाताना बघणार, आणि म्हणणार, हे गाव? मला काय वेडा समजलात? आणि आल्या पावली परत. नाही, तुम्हीच सांगा, तुम्ही त्याच्या जागी असतात तर काय म्हणाला असतात?

मार्नी म्हणाली, "बाबा, नकाशात आहे ना, मग झालं. तुम्ही काही करू नका."

लुएला म्हणाली, "अहो, तुम्ही काही करू नका."

गॅरेट काही म्हणाला नाही, पण माझ्याकडे असं पाहिलं की तोही तेच म्हणत होता.

आता काही करू नका म्हटल्यावर जो स्वस्थ बसतो तो दुकानदार नव्हे. मी शाळा अर्धी सोडली, पण माल मांडायला शिकलो. गाडीच्या मागच्या फळीवर बियाणं मांडून धंदा सुरू केला तेव्हापासून एक गोष्ट मला कळलेली आहे, गिऱ्हाईक वाचत नाही, बघतं. आणि एक आतली गोष्ट सांगू? गेली कित्येक वर्षं माझं दुकान चाऱ्यावर चालतच नाही. चालतं ते या शहरी लोकांना गाव विकून. ऑक्टोबर आला की येतात, मोठ्या मोठ्या गाड्या घेऊन, आणि गवताचे भारे नेतात. जनावराला? छे. दाराशी ठेवायला. त्यावर एक भोपळा, बाजूला मक्याची ताटं, मागे एक गाडीचं जुनं चाक टेकवलेलं. एक वकीलबाई तर म्हणाली, "टॅकेट, हा भारा फार नवा वाटतो, जरा जुनाट दिसणारा द्या ना." मी मागे नेऊन त्यावर पाणी शिंपडून आणला, खूश झाली. तर सांगायचं काय, घर गावासारखं कसं दिसतं हे या जिल्ह्यात माझ्याइतकं कुणाला कळतं?

ज्या दिवशी तो माणूस यायचा त्या दिवशी मार्नी शाळेत, गॅरेट गोदामात. मी सकाळीच दुकानाला कुलूप लावलं आणि रस्ता ओलांडला. हॅझेलबाईला विचारलं, "थोडं सजवू का?" ती म्हणाली, "सजव की, हॅलोविन आहेच." मग काय. भारे आणले, रचले. मक्याची ताटं. भोपळ्यांचा ढीग, नुसते दाराशी नाही, पार रस्त्यापर्यंत रांग. एक गंजका नांगर होता माझ्याकडे, शोभेचा, तो मध्ये. दुकानातल्या कोंबड्या पिंजऱ्यातून आणून अंगणात सोडल्या. आणि एक फळी होती, तिच्यावर लाल रंगाने लिहिलं, "ताजी अंडी मिळतील." पाटी असली की कसं, चालतं बोलतं वाटतं.

मग मागे सरून बघितलं. छान होतं. पण काहीतरी कमी होतं. बघतोय, बघतोय… आणि रस्त्यापलीकडून डचेस माझ्याकडे बघतेय.

एल्वुडकडे गेलो. एल्वुड श्रॉक म्हणजे काय चीज आहे सांगतो. त्याला शेती करायची नाही, गाय दोहायची नाही, त्याला फक्त थांबायचंय. गोदामवाल्यांचा भाव अजून चढेल म्हणून थांबलाय. आणि थांबायचं तर जमिनीवर शहराचा कर बसतो, तो मरणाचा. पण रानात गाय चरत असली की जिल्ह्याच्या दप्तरी ते शेत, आणि शेताला कर किरकोळ. म्हणून डचेस. ती गाय नाही, ती करातली सूट आहे, चार पायांची. दूध तिने कधीच सोडलंय, म्हातारी झाली, पण उभी राहते, आणि तिचं काम तेवढंच.

मी म्हटलं, "एल्वुड, गाय दे दुपारपुरती."

"कशाला?"

"पलीकडे उभी करायची आहे."

"इथे उभी आहे ती काय वाईट आहे?"

"इथे शहर आहे रे. मला ती गावात हवी आहे."

त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं. "आणि तेवढ्यात जिल्ह्याचा माणूस आला आणि रान मोकळं दिसलं तर? माझं शेत जाईल, ऑर्विन. गाय आहे तोवर शेत आहे."

शेवटी एक मिठाची मोठी लादी, चाटायची, ती फुकट द्यायची कबूल केली तेव्हा दोर सोडला. आणि आम्ही निघालो रस्ता ओलांडायला. सिग्नल लाल झाला, गाड्या थांबल्या, कॉफीच्या रांगेतले सगळे फोन बाहेर काढून आमचे फोटो घेतायत, आणि मी पुढे, डचेस मागे, राणीसारखी. हॅझेलबाईच्या झाडाखाली पडलेली सफरचंदं दिसली मात्र, तिने दोर माझ्या हातातून असा खेचला की अजून हा खांदा दुखतो. आयुष्यात पहिल्यांदा गाय गावात.

तो माणूस आला. टिबेट नाव. उंच, दमलेला, नाकावर उतरलेला चष्मा. गाडीतून उतरला आणि उभाच राहिला. कोंबड्या त्याच्या बुटांभोवती. मी म्हटलं, मनात म्हटलं, बसला घाव. आणि मग… तिथे माझी जीभ सुटली. दुकानदार हो. गिऱ्हाईक मालाकडे बघतंय म्हटल्यावर तोंड बंद ठेवणं मला जमत नाही.

तो म्हणाला, "या कोंबड्या इथल्याच?"

"इथल्या म्हणजे? पिढ्यान् पिढ्या. अंडी तर अशी देतात साहेब, उचलून उचलून हात दुखतात."

"विकता?"

"पाटी बघा ना. लांबून लांबून लोक येतात."

"आणि भोपळे?"

"भोपळे, सफरचंदं, मका. हंगामात उसंत नसते."

"आणि ही गाय?"

"डचेस? साहेब, दुधाची खाण आहे. सकाळी बादली, संध्याकाळी बादली."

डचेसने माझ्याकडे पाहिलं. सफरचंद चघळता चघळता थांबून पाहिलं. जनावराला कळतं, तुम्हाला सांगतो.

टिबेट प्रत्येक गोष्टीला मान हलवत होता, आणि मला वाटत होतं माल खपतोय. शेवटी त्याने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "छान आहे. पण याला हे कर्ज मिळणार नाही."

"का? गाव वाटत नाही?"

"गाव तर नकाशात आहेच, ते मला बघायचंच नसतं. हे कर्ज राहत्या घराला असतं. शेतीवर कमाई चालू असलेल्या जागेला नाही. हे तर चालतं शेत आहे."

"अहो, पण हमी देणारं खातं शेतकी ना?"

"शेतकी."

"आणि शेत चालत नाही?"

"नाही."

नाही म्हणजे नाही, असं तोंडावर. शेतकी खात्याला शेत चालत नाही. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जाऊन तहान लागली असं म्हटलं असतं तर त्यांनीही मला असंच बाहेर काढलं असतं बहुतेक. पण ते सुचलं नंतर. मी म्हटलं, साहेब, हे सगळं माझं आहे, दुकानातलं, शोभेचं. तर तो म्हणतो, "तुम्ही आत्ताच म्हणालात पिढ्यान् पिढ्या." आणि गेला. जाताना एक सफरचंद घेऊन गेला, तेही हॅझेलबाईने दिलं म्हणून.

संध्याकाळी रोवीना मॅडमचा फोन. "काका, तुम्ही काय केलंत?" एवढंच.

लुएला माझ्यावर ओरडली, ते बरं वाटलं. मार्नी ओरडली नाही. ती जिन्यात बसली, पायरीवर, कोरडे कॉर्नफ्लेक्स खात. मी खाली उभा. म्हणाली, "बाबा, पाळणा कुठे ठेवायचा ते मी ठरवलं होतं. सफरचंदाच्या बाजूच्या खिडकीत." आणि पुन्हा खायला लागली.

गॅरेट तेव्हा बोलला. म्हणाला, "गाय मी परत नेतो." चार शब्द. मला वाटतं त्या आठवड्याचा सगळा साठा त्याने तिथे खर्च केला.

पण रोवीना मॅडम देवमाणूस. त्यांनी खटपट केली, सांगितलं की मुलीच्या वडिलांनी उत्साहात सजावट केली होती, आणि टिबेटसाहेब पुन्हा एकदा यायला तयार झाले. एकदाच, म्हणाल्या. आणि काका, तुम्ही दुकानात बसायचं. मी म्हटलं बसतो. सगळं आवरलं. भारे उचलले, भोपळे उचलले, अंगण झाडलं, कोंबडीचं पीस न् पीस वेचलं. पाटी तर मी फोडून शेकोटीत घातली. डचेस आपल्या रानात, म्हणजे शहरात. घर कसं, अगदी कुणी काही पिकवत नाही असं स्वच्छ.

टिबेटसाहेब आले. मी इथे काचेमागे. बघतोय, गाडी थांबली, मार्नीने दार उघडलं, हॅझेलबाईने हसून आत घेतलं. सगळं ठीक. आणि तेवढ्यात कर्कश ब्रेक ऐकू आले. सिग्नलजवळ गाड्या थांबलेल्या, आणि त्यांच्यामधून, काही घाई नाही, डचेस. कुंपणाची फळी पाडून आलेली. तिने एकदा सफरचंद खाल्लं होतं ना. आता तिला मिठाची लादी नको, गवत नको, तिला गावच हवं.

मी कसला दुकानात बसतोय. पळालो. मी पोचेतो तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून मान आत घातलेली, आणि आत टिबेटसाहेब नळ तपासतायत. त्यांनी नळ बंद केला. डचेसकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"हीच ना ती? सकाळ-संध्याकाळ बादली?"

आणि मग तुम्हाला सांगतो, जन्मात केलं नव्हतं ते मी केलं. मालाला नावं ठेवली. म्हटलं, "साहेब, खोटं बोललो. ही एक थेंब देत नाही. दात गेले, गुडघे गेले, हिच्यात काही राम नाही. ही गाय म्हणून गाय नाही, नुसती चामड्याची पिशवी आहे. हिच्यावर एक सेंट कुणी मिळवत नाही."

"कोण म्हणतं?"

मागे वळून बघतो तर एल्वुड. धापा टाकत. त्याने टिबेटचा चष्मा बघितला, हातातली कागद अडकवलेली फळी बघितली, आणि त्याला वाटलं, हाच तो. जिल्ह्याचा करवाला.

"साहेब, ऐकू नका याचं," तो म्हणतो. "कामाची गाय आहे. पूर्णवेळ. दिवसभर चरते."

मी म्हटलं, "अरे एल्वुड, गप."

"का गप? माझी गाय निकामी म्हणतोस आणि गप? दूध देते ती."

"कधी दिलं?"

"देईल. तिची इच्छा आहे."

"साहेब, ही निव्वळ शोभेची आहे."

"शोभेची? साहेब, ही खानदानी शेतकरी गाय आहे."

"अरे माझ्या पोरीचं घर जातंय."

"आणि माझं शेत जातंय."

मार्नी पोटावर हात ठेवून भिंतीला टेकलेली. हॅझेलबाई खुर्चीत, मजा बघतेय, फ्लोरिडात काय हे बघायला मिळणार होतं? टिबेटसाहेबांनी हात वर केला. आम्ही थांबलो. डचेसही थांबली.

"गाय कुणाची?"

"माझी," एल्वुड म्हणाला.

"राहते कुठे?"

"पलीकडे. माझ्या शेतात."

टिबेटसाहेबांनी नकाशा काढला. बघितला. खिडकीतून रस्ता बघितला, तो पिवळा पट्टा बघितला. "ते तर शहर आहे."

"शहर," मी म्हटलं. "साहेब, गाय शहरात."

"म्हणजे तुमचं शेत शहरात, ही गाय शहरात कामाला." एल्वुडने जोरात मान हलवली. "आणि हे घर गावात, आणि इथे शेती नाही." मार्नीने मान हलवली. "मग शहरातली गाय गावात फिरायला आली. पाहुण्यांबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही." आणि डचेसचं तोंड बाजूला सारून त्यांनी खिडकी लावून बघितली, नीट लागते का, आणि तेही लिहून घेतलं.

आणि झालं कर्ज. रोवीना मॅडमनी फोन केला तेव्हा मी खारीवाल्या बाईला पोतं मोजून देत होतो, अर्धं पोतं जास्त गेलं, जाऊ दे म्हटलं. हॅझेलबाई थँक्सगिव्हिंगच्या आधी गेली, जाताना मार्नीच्या हातात किल्ली आणि सफरचंदाच्या मुरंब्याच्या बरण्या. नात झाली, आयव्ही. पाळणा त्याच खिडकीत. मी इथून, या गल्ल्यावरून, रात्री दिवा लागला की बघतो. पोरगी रडली तर आवाजही येतो, सिग्नल लाल असला तर.

आणि एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. पण वसंतात एल्वुडला हवा तो भाव मिळाला. गोदामवाल्यांना रान विकलं आणि डचेसचा दोर मार्नीच्या कुंपणाला बांधून म्हणाला, "तशीही ती तुमच्याकडेच असते." कमाई नाही, धंदा नाही, पाळलेली म्हातारी, रोवीना मॅडम म्हणाल्या काही हरकत नाही. मी खुर्ची टाकून बसलो दाराशी. एका जागी. लुएला बघत राहिली. कारण तुम्हाला सांगतो, पहिल्यांदा सगळं जागच्या जागी होतं. घर गावात, नात गावात, आणि गाय कुठे? गाय गावात.

मोजून एक उन्हाळा.

मग नवा नकाशा आला. तो कोपरा गेला. कर्जाला धक्का नाही, दिलेलं ते दिलं, पण आता अख्खा जिल्हा रंगवलेला, रुमालाएवढंही कोरं नाही. आणि आज सकाळी हा तपासनीस, चार पेनं घेऊन. "टॅकेट, तुमच्या मुलीच्या अंगणात गाय आहे. शहरात गाय ठेवता येत नाही. हिला गावात नेऊन सोडा."

मी म्हटलं, "नेतो की. गाव कुठे आहे तेवढं दाखवा."

त्याने नकाशा काढला. वर बघितलं, खाली बघितलं, बोटांनी मोठा केला, लहान केला. मग खिशात ठेवला आणि घसा साफ केला. म्हणाला, "महिनाभरात काय ते करा."

आणि दारापर्यंत जाऊन परत फिरला. मला वाटलं आठवलं याला गाव कुठे आहे. तर म्हणतो, "ते गवताचे भारे कसे दिलेत? दोन हवे होते. बायकोला दाराशी जरा गावासारखं दिसायला हवंय."

दिले. काय करणार? जुनाट दिसणारे मागितले, तर पाणी शिंपडून दिले.